विश्लेषण : स्वस्त प्रोसेसरमधील जादा ‘कोअर’ गेमिंगसाठी किती कामाचे?

सुटे भाग जुळवून गेमिंग पीसी तयार करून घेणाऱ्यांचे बजेट बहुधा ठरलेले असते. प्रोसेसरवर जादा खर्च झाला, की ग्राफिक्स कार्डाला कात्री लागते. त्यामुळे केवळ ‘आठ कोअर’ हे शब्द पाहून खरेदी करावी का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सहा की आठ?

‘एएमडी’चे दोन प्रोसेसर याचे उत्तम उदाहरण आहेत. २०२२ मध्ये १९९ डॉलरला आलेल्या ‘रायझन ५ ५६००’मध्ये सहा कोअर आहेत, तर २०२४ मध्ये १७५ डॉलरला आलेल्या ‘रायझन ७ ५७००’मध्ये आठ. दोन्हींची मूळ रचना ‘झेन ३’ हीच. तरीही अनेक गेममध्ये सहा कोअरचा ‘५६००’ सरस ठरतो.

असे का होते?

‘५६००’मध्ये एल-३ कॅश मेमरी ३२ एमबी आहे, ‘५७००’मध्ये १६ एमबी. वारंवार लागणारा डेटा कॅशमध्ये मावला नाही, तर तो तुलनेने संथ रॅममधून आणावा लागतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेमसाठी सुमारे सात. शिवाय गेममधील सगळे काम सर्व कोअरमध्ये समान वाटता येत नाही. मुख्य काम करणारा एक कोअर अडला, की बाकीचे त्याची वाट पाहत राहतात.

नावावरून फरक कळतो का?

सहजासहजी नाही. ‘५७००एक्स’मध्ये आठ कोअर आणि ३२ एमबी कॅश आहे, ‘एक्स’ नसलेल्या ‘५७००’मध्ये कॅश निम्मीच. एका अक्षराचा हा फरक बिलावर नजरेतून सुटू शकतो.

कोअरच्या संख्येवरून पूर्वी वाद झाला होता?

होय. ‘एएमडी’ने २०११ मध्ये ‘एफएक्स-८१५०’ आठ कोअरचा म्हणून २४५ डॉलरला आणला. त्यात दोन-दोन कोअर काही घटक सामायिक वापरत. हे पूर्ण आठ कोअर नव्हेत, असा आक्षेप घेत अमेरिकेतील ग्राहक न्यायालयात गेले. २०१९ मध्ये कंपनीने १ कोटी २१ लाख डॉलरची तडजोड केली.

मग आठ कोअर निरुपयोगी आहेत का?

नाही. व्हिडीओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग किंवा गेम खेळताना थेट प्रक्षेपण करणाऱ्यांना ते उपयोगी पडतात. ‘प्लेस्टेशन ५’मध्येही आठ कोअर असल्याने नवे गेम अधिक कोअर वापरू लागले आहेत. पण केवळ गेमिंगसाठी, मर्यादित बजेटमध्ये, बारा थ्रेडचे सहा वेगवान कोअर बहुतेकांना पुरतात.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

प्रोसेसरचे पूर्ण नाव, कॅश आणि मदरबोर्ड-रॅमसह एकूण किंमत. ‘एएम ४’ मदरबोर्डला डीडीआर ४ रॅम लागते, ‘एएम ५’ला डीडीआर ५. इंटेलच्या ‘आय ५-१२४००एफ’मधील ‘एफ’चा अर्थ अंतर्गत ग्राफिक्स नाही, म्हणजे स्वतंत्र कार्ड घ्यावेच लागते. त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर कोटेशन घेताना ‘किती कोअर?’ एवढेच न विचारता ‘कोणता प्रोसेसर, किती कॅश?’ हेही विचारावे. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डावर खर्च केल्यास फरक पडद्यावर दिसतो.