प्रोसेसरला संथ चालवण्याची विद्या

डिसेंबर 2025 मध्ये सी-डॅकने विकसित केलेल्या ‘ध्रुव-64’ या स्वदेशी मायक्रोप्रोसेसरची घोषणा झाली. दिल्लीहून आलेल्या बातम्यांत तीन गोष्टी ठळक होत्या: 64 बिट, दोन कोअर आणि 1 गिगाहर्ट्झ. लक्षात राहिला तो तिसरा आकडा. गाडी घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न मायलेजचा असतो. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र तोच चोखंदळ ग्राहक कमाल वेगावर भाळतो. काम नसेल तेव्हा हा प्रोसेसर किती हळू चालू शकतो, आणि त्याला हळू चालवणारे सॉफ्टवेअर कोण लिहिणार, हा प्रश्न अशा बातम्यांत क्वचितच येतो. सार्वजनिक पैशातून घडणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरबाबत तो विचारला गेला पाहिजे. दिल्लीच्या परिसराने तर तो आधी विचारावा, कारण या विषयातले मोलाचे काम तिथल्याच अभियंत्यांच्या हातून झालेले आहे.

मुळात गती कमी करून मिळते काय? प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखादा प्रोसेसर 1.2 व्होल्टवर पूर्ण गतीने चालत आहे असे समजू. त्याची वारंवारता निम्मी केली आणि व्होल्टेज तेवढेच ठेवले, तर शक्तीचा खर्च निम्मा होतो. पण काम पुरे व्हायला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे त्या कामासाठी लागलेली ऊर्जा होती तेवढीच राहते. उलट, गळतीप्रवाह दुप्पट काळ चालू राहिल्याने थोडा तोटाच होतो. पण निम्म्या वारंवारतेला 0.9 व्होल्ट पुरत असतील आणि व्होल्टेजही खाली आणले, तर शक्ती सुमारे 28 टक्क्यांवर येते आणि तेच काम सुमारे 56 टक्के ऊर्जेत होते. खरी बचत व्होल्टेजमध्ये आहे. वारंवारता कमी करणे ही तिथपर्यंत पोहोचण्याची वाट.

म्हणूनच एखाद्या छोट्या सिंगल-बोर्ड संगणकाला ही सोय जोडणे म्हणजे एक कळ फिरवणे नव्हे. कोणत्या वारंवारतेला किती व्होल्ट लागतात याचे कोष्टक हवे. घड्याळाची वारंवारता बदलणारा ड्रायव्हर हवा, व्होल्टेज नियंत्रकाचा ड्रायव्हर हवा आणि या दोघांचा क्रम चुकता कामा नये. गती वाढवताना आधी व्होल्टेज चढवायचे, मग वारंवारता. उतरताना आधी वारंवारता, मग व्होल्टेज. हा क्रम उलटला की प्रोसेसरला त्या गतीपुरते व्होल्टेज न मिळण्याचा एक क्षण येतो आणि बोर्ड केव्हातरी, कारण न सांगता, गोठते. असे दोष शोधणाऱ्याचे महिने जातात, कारण ते मागणीनुसार पुन्हा घडवता येत नाहीत.

लिनक्स कर्नलमध्ये हे काम ‘सीपीयूफ्रीक’ ही उपप्रणाली करते. ग्रेटर नोएडाच्या नॉलेज पार्कमध्ये एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचे मोठे केंद्र आहे. या कंपनीच्या ‘स्पीअर’ चिपकुलासाठी 2012 मध्ये सीपीयूफ्रीकचा स्वतंत्र ड्रायव्हर लिहिला गेला. त्या काळी रीत तशीच होती: चिप नवी, तर ड्रायव्हरही नवा. स्पीअरच्या लिनक्स आधाराची जबाबदारी वाहणाऱ्यांपैकी विरेश कुमार पुढे लिनारो या संस्थेत गेले आणि राफाएल विसोत्स्की यांच्या जोडीने संपूर्ण सीपीयूफ्रीकचे पालक झाले. 2014 मध्ये त्यांनी एका साध्या सामायिक ड्रायव्हरचा विस्तार केला आणि त्याला ‘सीपीयूफ्रीक-डीटी’ हे नाव आले. 2015 मध्ये वारंवारता-व्होल्टेजच्या कोष्टकाची नवी, अधिक नेमकी मांडणी आली. घड्याळाचा आणि व्होल्टेज नियंत्रकाचा ड्रायव्हर तयार असेल, तर आज नव्या बोर्डाला ही सोय जोडायला अनेकदा डिव्हाइस ट्रीमधील काही ओळी पुरतात. जिथे प्रत्येक चिपसाठी वेगळी खटपट होती, तिथे एक कोष्टक उरले. जगभरच्या असंख्य उपकरणांत रोज चालणारे हे काम आहे, पण त्याच्या वाट्याला स्वदेशीच्या मथळ्यांत जागा आलेली नाही. चिपवर आपला शिक्का असला की अभिमान वाटतो. तिला शहाणपणाने चालवणाऱ्या कर्नलमध्ये आपली माणसे असली तर तो का वाटू नये, हे कोडेच आहे.

सोय असणे आणि ती सर्वांसाठी असणे यांतला फरक रास्पबेरी पायच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. ते बोर्ड फेब्रुवारी 2012 मध्ये 700 मेगाहर्ट्झवर बाजारात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याला ‘टर्बो मोड’ मिळाला: काम आले की वारंवारता 1 गिगाहर्ट्झपर्यंत चढायची आणि काम संपले की उतरायची, तापमान 85 अंशांच्या खाली असले पाहिजे एवढीच अट. लोकांना ती वेगाची भेट वाटली. प्रत्यक्षात ती सीपीयूफ्रीकची करामत होती. पण ती संस्थेच्या स्वतःच्या कर्नलमध्ये होती. मुख्य लिनक्स कर्नलमध्ये रास्पबेरी पायचा सीपीयूफ्रीक ड्रायव्हर पोहोचला तो 2019 मध्ये, 5.3 या आवृत्तीत. एक तांत्रिक गुंता होताच: त्या चिपमध्ये घड्याळाची आणि व्होल्टेजची सूत्रे फर्मवेअरच्या हाती असतात आणि कर्नलला त्याच्याकडे विनंती करावी लागते. तरीही सात वर्षे ही सात वर्षेच. रास्पबेरी पायमागे मोठा चाहतावर्ग होता म्हणून ती निभावली. जे बोर्ड हजार-दोन हजार नगांत खपते, त्याचे कर्नल निर्मात्याने सोडून दिले की सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात आणि विद्यार्थ्याच्या टेबलावर एक गरम, जुनाट पट्टी उरते.

गरम हा शब्द दिल्लीत सहज वापरून चालत नाही. 29 मे 2024 रोजी सफदरजंगला 46.8 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. (त्याच दिवशीचा मुंगेशपूरचा 52.9 चा आकडा देशभर गाजला. नंतर तिथला संवेदक सुमारे 3 अंश जास्त दाखवत असल्याचे हवामान विभागाला आढळले.) पंखा नसलेल्या छोट्या बोर्डातील चिप भोवतालच्या हवेपेक्षा 30-40 अंशांनी सहज तापते. 46 मध्ये 35 मिळवले की 81 होतात, आणि रास्पबेरी पायचे फर्मवेअर 80 अंशांना गती छाटू लागते. गरजेनुसार उतरत्या पायऱ्या असलेला प्रोसेसर मुळात तिथवर कमी वेळा पोहोचतो. पायऱ्या नसलेला कड्यापर्यंत धावतो आणि मग ढकलला जातो. छतावरच्या पेटीत हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या यंत्रासाठी हा फरक जून महिन्यात टिकण्या-न टिकण्याचा असतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे: सगळ्याच स्वदेशी चिपना याची गरज नाही. सी-डॅकच्या ‘एरीज’ बोर्डांवरील ‘तेजस-32’ ही 100 मेगाहर्ट्झची चिप आहे. तिच्यावर लिनक्स चालत नाही. न लागणाऱ्या भागांचे घड्याळ बंद ठेवले की तिचे भागते. हे मान्य केले पाहिजे. पण 1 गिगाहर्ट्झच्या 64 बिट प्रोसेसरला ही सवलत देता येणार नाही. तो ज्या वर्गात बसू पाहतो, तिथे व्होल्टेज आणि वारंवारता एकत्र उतरवता येणे ही किमान अपेक्षा आहे.

एप्रिल 2022 मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह कार्यक्रम जाहीर केला. त्याच्या छत्राखाली येणाऱ्या लिनक्सक्षम बोर्डांसाठी निधीच्या अटींतच दोन गोष्टी असाव्यात: वारंवारता-व्होल्टेजचे कोष्टक जाहीर केलेले असावे, आणि त्याला लागणारा घड्याळाचा व व्होल्टेजचा आधार मुख्य कर्नलमध्ये स्वीकारला गेलेला असावा, ‘पाठवला आहे’ एवढे पुरू नये. कर्नलच्या पालकांचे पुनरीक्षण कठोर असते आणि तीच त्याची किंमत आहे. 2025 मध्ये 6.16 या आवृत्तीत सीपीयूफ्रीकचे रस्ट भाषेतील दुवेही आले, तेही विरेश कुमार यांच्या खटपटीतून; म्हणजे नव्याने शिकणाऱ्यांसाठी दार अजून उघडेच आहे. आयआयटी दिल्लीपासून नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठापर्यंत दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प बोर्डावर दिवा लुकलुकवून संपतात. एखाद्या गटाने त्याऐवजी एका बोर्डाचे कोष्टक मोजून काढावे, प्रत्येक पायरीवर व्होल्टमीटर लावून आकडे टिपावेत, आणि पॅच मुख्य कर्नलकडे पाठवून परत आलेल्या प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्यावे. एका सत्रात ते पुरे होईल असे नाही. तर गुण देताना विभागाने तेही धरावे.