वाचणाऱ्या यंत्रास मराठी कोण शिकविणार?

आपल्या पुण्यास विद्येचें माहेरघर म्हणण्याची चाल जुनी आहे. माहेरीं सर्व लेकरांची सारखीच वास्तपुस्त व्हावी, हें उघड आहे. परंतु ज्या मुलास डोळ्यांनीं दिसत नाहीं, त्याची या माहेरीं कशी सोय लागते, याचा विचार आपण डोळस मंडळी वर्षांतून किती वेळां करतों? काठी टेकीत जाणारा कोणी दिसला म्हणजे आपण त्याचा हात धरून रस्ता ओलांडून देतों आणि आपलें कर्तव्य झालें असें समजतों. हात धरणें चांगलेंच; पण आज त्या मुलाची मोठी अडचण रस्त्यांतली नसून पुस्तकांतली व संगणकांतली आहे, आणि ती दूर करण्यास हातापेक्षां डोकें अधिक लागतें, हें आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम थोडा मागील इतिहास पाहूं. लुई ब्रेल हा फ्रान्स देशांत १८०९ सालीं जन्मला. बालपणींच त्याची दृष्टि गेली, आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यानें सहा टिंबांची लिपि सिद्ध केली. आपल्या प्रांतांत मुंबईस १९०० सालीं अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनीं अंध मुलांची शाळा काढली. केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनीं ब्रेल लिपि शिकून घेऊन मुक्तिसदनांतील अंध भगिनींस शिकविली. आपल्या पुणें शहरांत पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड ही संस्था १९३४ सालापासून हें कार्य करीत आहे. परंतु त्या काळीं एक मोठी अडचण होती. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल पद्धति चालत, एका ठिकाणीं शिकलेल्यास दुसऱ्या ठिकाणचें पुस्तक वाचतां येत नसे. अखेर १९५१ सालीं भारती ब्रेल ठरली, आणि आपल्या देशांतील भाषांस एक सामाईक पद्धति मिळाली. यांतून घेण्याजोगा बोध असा कीं, साधन परदेशांत तयार झालें म्हणून भागत नाहीं. त्यास आपली भाषा आपणच शिकवावी लागते.

आज तोच प्रश्न नव्या रूपानें आपल्यापुढें उभा आहे. संगणकाच्या पडद्यावर जें दिसतें तें मोठ्यानें वाचून दाखविणारी एक आज्ञावली असते, तिला स्क्रीन रीडर म्हणतात. ती पडद्याचें छायाचित्र घेत नाहीं. ती संगणकास विचारते, "या ठिकाणीं काय आहे? त्याचें नांव काय? तें बटण आहे कीं मजकुराची चौकट?" आणि मिळालेलें उत्तर आवाजांत बोलून दाखविते, अथवा टिंबें वर-खाली होणाऱ्या ब्रेल पट्टीवर उमटविते. माऊसची गरज राहत नाहीं. सर्व कामें कळफलकावरून होतात. ज्यास हें साधन वश झालें तो मुलगा धडा स्वतः वाचतो, निबंध स्वतः लिहितो, आणि पत्र आल्यास तें वाचून घेण्यासाठीं शेजाऱ्याच्या दारीं जात नाहीं.

या यंत्रांचा इतिहासहि मोठा बोधप्रद आहे. टेड हेंटर नांवाचा एक अमेरिकन मोटारसायकलींच्या शर्यती खेळणारा गृहस्थ होता. १९७८ सालीं अपघातांत त्याची दृष्टि गेली. पुढें तो संगणकशास्त्र शिकला, आणि १९८९ सालीं त्याच्या कंपनीनें 'जॉझ' हा स्क्रीन रीडर बाजारांत आणला. साधन उत्तम, पण विकत घ्यावयाचें, आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबास झेपणारी नव्हे. मग २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें एक विनामूल्य स्क्रीन रीडर लिहावयास घेतला. लहानपणीं अंध मुलांच्या एका संगीत-शिबिरांत भेटलेला जेम्स तेह हा त्याचा मित्र त्यास येऊन मिळाला, तोहि अंधच. त्यांच्या या आज्ञावलीचें नांव एन. व्ही. डी. ए. ती आज पन्नासाहून अधिक भाषांत वापरली जाते, तिची एक दमडीहि पडत नाहीं, आणि तिचें आंतील सर्व लेखन कोणासहि पाहण्यास व सुधारण्यास खुलें आहे. पेन ड्राइव्हवर घालून ती एका संगणकावरून दुसऱ्यावर नेतां येते, मग आपला संगणक नसलेल्या मुलाचेंहि अडत नाहीं.

आतां आमच्या मुख्य विषयाकडे वळतों. कोणतीहि आज्ञावली सर्वांच्या सर्व गरजा जाणूं शकत नाहीं. म्हणून एन. व्ही. डी. ए.च्या कर्त्यांनीं तिला जोड देण्याची सोय ठेविली आहे. या जोडीस अ‍ॅड-ऑन म्हणतात. अ‍ॅड-ऑनची फाईल म्हणजे वस्तुतः एक झिप गाठोडें. केवळ त्याच्या नांवाचें शेपूट निराळें असतें. गाठोड्यांत एक परिचयपत्र असतें. त्यांत जोडीचें नांव, कर्त्याचें नांव, आवृत्ति, आणि ती एन. व्ही. डी. ए.च्या कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत चालते, हें लिहिलेलें असतें. बाकीच्या फायलींत पायथन भाषेंत लिहिलेल्या स्क्रिप्टा असतात. कांहीं स्क्रिप्टा सर्वत्र चालतात, कांहीं एकाच प्रोग्रामपुरत्या असतात. दुसऱ्या प्रकारांत मोठी सोपी युक्ति आहे. फाईलला त्या प्रोग्रामचेंच नांव द्यावयाचें. नोटपॅडसाठीं लिहिलेल्या फाईलचें नांव 'नोटपॅड' ठेविलें म्हणजे नोटपॅड उघडतांच ती आपोआप जागी होते, आणि तें सोडतांच निजते.

एक उदाहरण घेऊं. समजा, हिशेबाच्या एका प्रोग्राममध्यें चार बटणें आहेत, आणि त्यांवर केवळ चित्रें काढलेलीं आहेत. करणाऱ्यानें त्यांस नांवें दिलीं नाहींत. आपणांस चित्र दिसतें, म्हणून आपलें अडत नाहीं. परंतु स्क्रीन रीडरनें विचारल्यावर नांवच मिळत नाहीं, तेव्हां तो बिचारा "बटण, बटण, बटण, बटण" एवढेंच म्हणतो. त्यांतलें छापण्याचें कोणतें आणि पुसण्याचें कोणतें, हें ऐकणाऱ्यानें कसें ओळखावें? अशा वेळीं कांहीं ओळींची स्क्रिप्ट लिहून पहिल्यास 'जतन करा', दुसऱ्यास 'छापा' अशीं नांवें देतां येतात. त्या कांहीं ओळींनीं एका माणसाची नोकरी टिकते. दानाच्या किती पेट्यांनीं हें साधेल, तें वाचकांनींच ठरवावें.

हें झालें कोणत्याहि भाषेविषयीं. मराठीची गोष्ट याहून नाजुक आहे. आपल्या 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आहेत, आणि लिपींत त्यांचा भेद दाखविलेला नसतो. "चार गाईंना चारा घाला" या वाक्यांतील दोन 'चा' मोठ्यानें म्हणून पाहा. 'जरा थांब' यांतील जरा निराळी, आणि म्हातारपण या अर्थाची जरा निराळी. घरीं आजीच्या तोंडून ऐकत वाढलेल्या मुलास हें न शिकवतां येतें. यंत्रास आजी नाहीं. हिंदीसाठीं घडविलेला आवाज मराठी मजकूर वाचूं लागला, तर आपला चारा गाईपर्यंत पोंचतच नाहीं. 'ई-स्पीक' या विनामूल्य बोलक्या यंत्रांत मराठीचा समावेश आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु उच्चारांचे बारकावे तपासून सांगणें हें मराठी कानाचेंच काम आहे. 'डॉ.', 'इ. स.', 'ता. क.' हीं संक्षिप्त रूपें पूर्ण शब्दांत वाचलीं जावींत म्हणून एन. व्ही. डी. ए.मध्यें उच्चार-कोश भरण्याची सोय आहे, आणि त्यास पायथनहि लागत नाहीं. एका बाजूस लिहिलेलें रूप, दुसऱ्या बाजूस बोलावयाचा शब्द, इतकेंच. इयत्ता पांचवींतील मुलासहि हें करतां येईल.

आणखी एक दोष आपल्याच पदरीं आहे. युनिकोड येण्यापूर्वींच्या जुन्या फाँटांत पुष्कळ मराठी मजकूर आजहि टाइप केला जातो. या फाँटांत रोमन अक्षरांवर देवनागरीचीं रूपें केवळ वरून बसविलेलीं असतात. पडद्यावर शुद्ध मराठी दिसतें; पण आंत पाहावें तों रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी. स्क्रीन रीडर आंतील अक्षरें वाचतो, वरचा मुखवटा नव्हे. मग ज्ञानेश्वरीवरील निबंध असो कीं परीक्षेचें वेळापत्रक, अंध विद्यार्थ्याच्या कानीं पडतो तो नुसता गोंगाट. युनिकोडमध्यें मात्र प्रत्येक देवनागरी अक्षरास त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, आणि जें दिसतें तेंच वाचलें जातें. कागदाचा नुसता फोटो काढून पाठविणें हेंहि असेंच. त्यांत यंत्रास सरळ वाचावयास एक अक्षरहि सांपडत नाहीं.

कोणी म्हणेल, "हीं तज्ज्ञांचीं कामें, शाळकरी मुलांनीं त्यांत कां पडावें?" हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. अर्धवट ज्ञानानें केलेली स्क्रिप्ट चालता संगणक बंद पाडूं शकते. पण आम्ही असें विचारतों कीं, हे तज्ज्ञ येणार कोठून? ऑस्ट्रेलियांतील गृहस्थांनीं आपलें घर उघडें ठेविलें आहे. त्यांनींच येऊन आपल्या 'च'चे दोन उच्चार शिकावेत, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? आपल्यापैकीं पुष्कळ मुलें आज पायथन शिकतात. खेळ व कोडीं लिहून तीं थांबतात. त्याच विद्येचा थोडा भाग इकडे वळवावा, एवढेंच आमचें मागणें.

दुसरा आक्षेप असा कीं, डोळसास अंधाची अडचण काय कळणार? हा आक्षेप मात्र आम्हांस पूर्ण मान्य आहे. अर्धा तास पडदा बंद करून बसल्यानें अंधत्व समजत नाहीं. फार तर आपली फजिती समजते. म्हणून पहिला नियम हा कीं, जो वापरणार त्यास आधीं विचारावें, त्याच्याशेजारीं बसावें, आणि त्यानें "हें नको" म्हटलें तर आपली हौस बाजूस ठेवावी. करन आणि तेह हे स्वतः अंध होते, म्हणूनच नेमकें काय हवें तें त्यांस ठाऊक होतें. अंध विद्यार्थी स्वतःच स्क्रिप्ट लिहूं लागला, तर त्यासारखें उत्तम दुसरें कांहीं नाहीं.

या फायली सांभाळण्याचीहि एक शिस्त आहे, आणि ती पालकांनींहि जाणून घ्यावी. अ‍ॅड-ऑन एकदां बसविलें म्हणजे त्यास संगणकावर स्क्रीन रीडरइतकीच सत्ता मिळते. तेव्हां अनोळखी माणसानें पाठविलेली जोड कधींहि बसवूं नये. २०२३ सालच्या एका आवृत्तीपासून एन. व्ही. डी. ए.च्या आंतच अ‍ॅड-ऑनांचें भांडार आलें आहे. तेथूनच घेणें बरें. मात्र भांडारांत आहे म्हणून तिची प्रत्येक ओळ कोणी तपासली आहे, असें समजूं नये. गरजेपुरत्याच जोडी ठेवाव्या. कांहीं बिघडल्यास अ‍ॅड-ऑन बंद ठेवून पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. ती आधींच शिकून घ्यावी, कारण आवाज बंद पडल्यावर अंध माणसाचा संगणक म्हणजे मुका दगड होय. आपली स्वतःची स्क्रिप्ट करून पाहण्यासाठीं निराळी चांचणीची जागा ठेविलेली आहे. तेथें ती पारखावी, मगच दुसऱ्यास द्यावी.

लिहिलेलें जतन करणें हें तर त्याहून मोठें काम. २०२० सालीं एन. व्ही. डी. ए. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीवरून तिसरीवर गेली, तेव्हां ज्यांच्या कर्त्यांनीं दुरुस्ती केली नाहीं त्या जुन्या जोडी निकामी झाल्या. झाड लावणारे पुष्कळ. दोन उन्हाळे पाणी घालणारा विरळा. ज्यास नियमानें पाणी घालावयाचें नसेल, त्यानें निदान आपलें लेखन सर्वांस खुलें ठेवावें, म्हणजे दुसरा कोणी तें पुढें चालवील.

शेवटीं आमच्या सूचना थोडक्यांत मांडतों. प्रत्येक विद्यार्थ्यानें मराठी टाइप करतांना युनिकोडच वापरावें. ज्यांस पायथन येतें त्यांनीं दोघां-तिघांनीं मिळून, शहरांतील एकाद्या अंध विद्यार्थ्यास विचारून, त्याची एकच अडचण निवडावी आणि वर्षभरांत ती दूर करावी. ज्यांस पायथन येत नाहीं त्यांनीं संक्षिप्त रूपांचा उच्चार-कोश तयार करावा. पालकांनीं आपापल्या कचेऱ्यांत व दुकानांत जे मराठी कागद संगणकावर निघतात, ते वाचणाऱ्या यंत्रास वाचतां येतात कीं नाहीं, हें एकदां पाहावें. आणि लोकांस सांगावें पण आपण कोरडें राहावें, असें होऊं नये म्हणून आमची संपादकमंडळास विनंति आहे कीं, या वार्षिकाचा मराठी विभाग छापील प्रतीबरोबर युनिकोड मजकुराच्या फाईलरूपानेंहि द्यावा.

असें झालें, तर हा लेख ज्यांच्याविषयीं आहे त्यांस तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणार नाहीं. ते स्वतः वाचतील, आणि आमचें जेथें चुकलें असेल तेथें आमचा कान धरतील. त्या दिवसाची आम्ही वाट पाहत आहों.