काठावरचं गवत, पण कोणाच्या खर्चानं?



पाऊस लागला की मिंढोळा गढूळ होऊन येते. ही नदी सोनगढकडून निघते, बारडोलीच्या ऊसपट्ट्यातून वाहते आणि तापीच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. शेतातली माती, युरिया, फवारणीचं औषध, सगळं पावसाबरोबर ओहोळात आणि ओहोळातून खाडीत. खत जास्त झालं की शेवाळ, जलपर्णी माजते. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. बोय, कोळंबीची पिल्लं खाडीतच वाढतात. मग नुकसान कोणाचं? आपलंच ना!

उपाय साधा आहे. ओहोळाच्या काठी गवताचा, झाडांचा पट्टा राखायचा. गवतात पाण्याचा वेग मोडतो, माती तिथंच बसते, मुळं खत ओढून घेतात.

मग शेतकरी पट्टा का ठेवत नाही? हिशोब बघा. १०० मीटर काठाला १० मीटर रुंद पट्टा सोडला, तर जवळपास १० गुंठे गेले. तेवढा ऊस त्याचा बुडतो, फायदा मात्र खाली आपल्याला. फुकट कोण करेल? त्याला शिव्या देऊन गवत उगवणार नाही.

न्यूयॉर्क शहरानं १९९७ साली वरच्या डोंगरातल्या गावांशी करार केला. शेतकऱ्यांना ओढ्याकाठी पट्टे राखायला पैसे दिले. त्यातून अब्जावधी डॉलरचा पाणी गाळायचा प्रकल्प वाचला. सुरतही तापीचंच पाणी पिते. मग तापीच्या काठासाठी महापालिकेनं वाटा उचलायला काय हरकत आहे?

मिंढोळेच्या बाजूला साखर कारखाने सहकारी आहेत, आपणही सहकारी. बोलणं होऊ शकतं. आधी लहान ओहोळ धरावेत. वाळा, हत्तीगवत, बांबू लावला तर चारा आणि चार पैसे सुटतात. २०१७ च्या कायदाबदलानंतर जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ धरला जात नाही, त्यामुळे तोडणीची कटकटही कमी झाली. तरी जी तूट राहील, ती कारखान्यानं आणि सरकारनं भरावी.

एक खरं, शहराचं आणि मिलचं सांडपाणी गवतानं अडणार नाही. ती लढाई वेगळी, ती चालूच ठेवायची.

पण हा विषय सोसायटीच्या पुढच्या सभेत घ्यायलाच हवा. तुमच्या खाडीत कोणता ओहोळ सगळ्यात घाण पाणी आणतो? खाली लिहा, यादी तिथूनच सुरू करू.