आधार प्राधिकरणाला खुले पत्र: पाडव्यानंतर आमच्याकडे या

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण, नवी दिल्ली



साहेब, आमच्याकडे माणसं कोयत्यावर मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम उचल देतो तीही कोयत्यावरच. दसरा-दिवाळी झाली की नारायणगडाच्या आसपासची गावं ट्रक-ट्रॅक्टरात बसून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. तुमच्या दप्तरी हीच माणसं दहा बोटं, दोन बुबुळं आणि एक चेहरा अशी नोंदलेली आहेत. त्यातली दहा बोटं दरवर्षी फडात झिजतात.

एका हातात कोयता, दुसऱ्या हातात ऊस. पाचटाच्या कडा ब्लेडसारख्या. ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. पाच-सहा महिने हे केल्यावर बोटाच्या टोकाला घट्टे राहतात, रेषा राहत नाहीत. मग रेशन दुकानातल्या ठशाच्या यंत्रापुढे फडावरून परतलेली बाई आधी अंगठा पदराला पुसते, मग डोक्याच्या तेलावरून फिरवते, मग तर्जनी, मधलं बोट, डावा हात. मागची रांग चुळबुळते. दुकानदार म्हणतो, "मावशी, उद्या या, सकाळी गारव्यात येतं कधी कधी." हा सल्ला तुमच्या कुठल्या नियमपुस्तकात असेल असं वाटत नाही, पण गावोगाव तोच चालतो.

2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तुमच्याच प्राधिकरणाने बोटांच्या ठशांचं अपयश 6 टक्के आणि बुबुळांचं 8.54 टक्के असल्याचं सांगितलं होतं. ही सरासरी देशाची. त्यात खुर्चीत बसून काम करणारेही आले. ऊसतोड्यांचा, वीटभट्टीवाल्यांचा, बिडी वळणाऱ्या बायकांचा आकडा वेगळा काढा आणि तो जाहीर करा, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी हाताच्या शिरांवरून ओळख पटवण्याच्या चाचणीबद्दल आहे. तळहातावर किंवा बोटावर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकला की ऑक्सिजन देऊन परतणारं रक्त तो शोषून घेतं आणि शिरांचं जाळं काळं उमटतं. प्रत्येकाचं जाळं निराळं, आणि ते कातड्याखाली असल्याने कोयत्याला घासता येत नाही. जपानमधल्या बँकांनी 2004 पासून एटीएमवर हे वापरायला घेतलं. पोलंडमध्ये 2010 साली सुरुवात केली ती एका सहकारी बँकेने. सहकाराच्या महाराष्ट्राने हे वाचून थोडं ओशाळायला हरकत नाही. ठशाची चोरीही इथे अवघड, कारण शिरा कागदावर उमटत नाहीत. खरेदीखतावरचे अंगठे उचलून सिलिकॉनची बोटं बनवायची आणि खात्यातले पैसे काढायचे, हे प्रकार देशात घडून गेले आहेत.

तरी भुलून जाऊ नका. डिसेंबर 2018 मध्ये जर्मनीतल्या लाइपत्सिग शहरात दोन संशोधकांनी साध्या कॅमेऱ्यातली अवरक्त गाळणी काढून हातांचे फोटो घेतले, मेणाचा हात केला आणि शिरा ओळखणारं यंत्र भर सभेत फसवलं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, शिरा कुठून बदलणार? शिवाय थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे दुकानदाराचा 'गारव्यात या' हा सल्ला तिथे उलटा पडायचा. आणि ज्या तळव्यावर बोटभर जाड घट्टे आहेत, त्यातून तो प्रकाश किती आत जाईल, याचं उत्तर मला तरी कंपनीच्या माहितीपत्रकातून नको आहे.

म्हणून देशभर शिरांची यंत्रं खरेदी करण्याआधी चाचणी इथे घ्या, आणि तीही वेळ पाहून. दसऱ्याला गडावर गर्दी असते, फोटोही चांगले येतात, पण तेव्हा हात पावसाळाभर घरी राहून जरा सावरलेले असतात. एप्रिलमध्ये या. त्याच बाईचा ठसा, बुबुळ, चेहरा आणि शिरा चारही तपासा, दुकानाच्या दारात, भर उन्हात. नोंदणी ऑक्टोबरात करून पडताळणी एप्रिलात केलीत तर उत्तमच. मधल्या फडाने काय केलं ते कागदावर येईल.

तोवर एक करा. 24 ऑक्टोबर 2017 च्या तुमच्याच परिपत्रकात सांगितलं आहे की ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, अपवाद नोंदवून द्यायचं. ते मराठीत, मोठ्या अक्षरात, यंत्राच्या शेजारी भिंतीवर लावायला लावा. अपवादांची नोंदवही मागितली तर दुकानदाराला ती दाखवता आली पाहिजे. शिरांचं यंत्र येईल तेव्हा येईल.

चाचणीला येताना जनरेटर आणू नका आणि रेंजची वेगळी सोय करू नका. इथे वीज किती वेळ असते तेही त्याच दिवशी नोंदलं जाईल.

आपला,
एक शिधापत्रिकाधारक
नारायणगड परिसर, जि. बीड