पाणंद गावाची, वाट सायकलची

सायकल हे गरिबाचे वाहन, असे आपण इतकी वर्षे म्हणत आलो की आता तिच्यावर पैसेवाले बसू लागलेले पाहून थोडे गोंधळायला होते. रविवारी पहाटे पुण्यातून शिरस्त्राणे घातलेल्या हौशी मंडळींच्या टोळ्या नगर रस्त्याने आणि सोलापूर रस्त्याने बाहेर पडतात. सायकल लाखाच्या घरातली आणि कानाशी ट्रकचा भोंगा! दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगाला वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावातून एखादी मुलगी थोरल्या भावाच्या जुन्या सायकलवर शाळेला निघते. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला की ती निमूट डांबर सोडून खाली उतरते. शहरातला तो हौशी आणि गावातली ही मुलगी एकमेकांना कधी भेटणार नाहीत. पण दोघांना हवी असलेली वस्तू एकच आहे : मोटारींचा वावर नसलेली, चाक रुतू न देणारी, मुरमाची साधी वाट.

ही वाट नव्याने शोधायची गरज नाही. ती गावाच्या नकाशात आहे.

बँकेच्या नोकरीत पीककर्जाच्या पाहणीसाठी मी बरीच वर्षे शिवारे तुडवली. सातबारा, आठ-अ आणि गावनकाशा ही त्या कामातली आमची पोथी. त्या नकाशावर तुटक एकेरी रेघ दिसली की ती पायवाट, रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांच्यामागे मोजणीची साखळी आहे. आपल्याकडची साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. तेव्हा गाडीवाट ही कमीत कमी आठ आणे साखळी आणि पायवाट चार आणे. माणसाला चालायला चार आणे जागा कायम राखून ठेवणारी ती व्यवस्था कागदावर आजही जिवंत आहे. जमिनीवर मात्र त्या चार आण्यांतला एखादा आणा उरला असेल तर नशीब.

बाकीचे तीन आणे गेले कुठे? ते कोणी एका रात्रीत गिळले नाहीत. दरवर्षी नांगराचे एक तास वाटेकडे सरकते. बांध कोरला जातो, कोरलेल्या बांधावर ऊस चढतो, आणि दहा वर्षांनी गाडीवाटेतून बैल बाजूला काढायलाही जागा राहत नाही. शेजारी तेच करतो, म्हणून कोणी कोणाला बोलत नाही. बोलले तर मग तहसील, पोलीस पाटील आणि दोन पिढ्यांची अबोला. वाट नसलेल्या शेताला बाजारात भाव कमी येतो, हे मी कागदोपत्री पाहिले आहे. म्हणजे बांध कोरणारा गावाच्या जमिनीची किंमत पाडतो आणि त्या गावात त्याची स्वतःची जमीनही आली.

कायदा या बाबतीत मुका नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ सालचा. वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. बांधावरून नवी वाट मागायची सोय १९६६ च्या जमीन महसूल संहितेत, कलम १४३ मध्ये आहे. २०२१ साली शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. २०२५ च्या मे महिन्यात तर महसूल विभागाने शेतरस्ता निदान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असा निर्णय काढला. दारिद्र्य आहे ते इच्छेचे.

पण पाणंद मोकळी झाली की पुढचा प्रश्न येतो : तिच्यावर घालायचे काय? इथे माझे मत बऱ्याच सरपंचांना आवडणार नाही. पाणंदीला सिमेंट नको, डांबरही नको. चांगली खडी अंथरावी, तिच्यावर मुरूम टाकून पाणी मारावे, रोलर फिरवावा, मधोमध किंचित उंचवटा ठेवून दोन्ही बाजूंना चर काढावेत. एवढे पुष्कळ झाले.

नदीकाठची जमीन काळी. पावसाळ्यात त्या मातीतून सायकल नेणे म्हणजे काय, हे ज्याने नेली त्यालाच ठाऊक. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल थापला जातो, काडीने कोरून काढावा तर दहा पावलांवर पुन्हा तेच. शेवटी सायकल माणसावर बसते. म्हणून मुरूम हवाच. तोही लांबून आणायला नको, काळी संपून माळ लागला की पायाखाली मुरूमच असतो. त्यावरून उसाची गाडी जाते, ट्रॅक्टर जातो, दुधाची मोटारसायकल जाते. मात्र दोन गावांतले अंतर वाचवू पाहणारा भरधाव डंपर अशा वाटेला येत नाही. गुळगुळीत रस्ता केला की तो आलाच समजा.

शेतकरी म्हणेल, तुमच्या सायकलसाठी माझा ऊस अडवू का? मुळीच नाही. पाणंदीवर पहिला हक्क शेतमालाचा. गाळपाच्या हंगामात सायकलने थांबावे आणि गाडीला वाट द्यावी. एका शिवारातल्या गाड्या येऊन-जाऊन किती असणार? भीती आहे ती शिवाराशी काही देणेघेणे नसलेल्या वाहनांची.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. हा बिबट्याचा मुलूख झाला आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्याच पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले गेली. दोन्हीकडे डोक्याएवढा ऊस आणि मधून एकटे पोर, हे चित्र कोणत्याही आईला परवडणारे नाही. म्हणून या वाटा दिवसाउजेडीच्या, मुलांनी घोळक्याने जायच्या. पण हेही पाहावे, की नकाशाएवढी रुंदी मोकळी झाली आणि ऊस आपल्या हद्दीत मागे सरला, तर समोरचे दिसते तरी. आजच्या बोळकांडीत तेही दिसत नाही.

हा विचार काही जगावेगळा नाही. इटलीतल्या तोस्काना प्रांतात द्राक्षमळ्यांतून जाणारे पांढऱ्या मातीखडीचे रस्ते होते. त्यांच्यावर एकामागून एक डांबर पडू लागले, तेव्हा ते वाचवण्यासाठी १९९७ साली काही मंडळींनी जुन्या सायकलींची एक फेरी काढली. ‘एरोइका’ हे तिचे नाव. पहिल्या वर्षी शंभरही जण नव्हते. आज जगभरातून माणसे तिथे येतात, आणि ज्या रस्त्यांना मागासलेपणाची खूण मानत होते त्यांचा गावकऱ्यांना अभिमान वाटतो. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या जुन्या कालव्यावर मोटाररस्ता करायचे घाटत होते. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी रस्त्याची तरफदारी करणाऱ्या संपादकांना सोबत घेतले आणि ते कालव्याच्या काठाने १८४ मैल चालायला निघाले. रस्ता झाला नाही. त्या काठाने आज सायकली जातात.

कालवे तर आपल्याकडेही आहेत. चासकमानचा डावा कालवा खेडमधून शिरूरच्या शिवारात उतरतो. दौंडच्या बाजूला खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा थेट इंदापूरपर्यंत गेला आहे, लांबी दोनशे किलोमीटर. काठाने पाटबंधारे खात्याच्या देखरेखीची वाट असते, सपाट, बहुधा चढउताराशिवाय. तिच्यावर जड वाहनांना खांब रोवून मज्जाव केला आणि ओढ्यापाशी तुटलेले तुकडे सांधले, तर सायकलीला आणखी काय हवे? माणसाच्या पायांसाठी वेगळी वाट ठेवणे आपल्या सरकारला अवघड आहे असेही नाही. दौंड तालुक्यातल्या पाटसपासून पंढरीकडे जाणाऱ्या पालखी महामार्गाची पायाभरणी २०२१ साली झाली, तेव्हा वारकऱ्यांसाठी रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्वतंत्र पदपथ धरला होता. वारकऱ्याला जे वर्षातून एकदा मिळावे असे आपल्याला वाटते, ते शाळेच्या पोरांना रोज मिळायला काय हरकत आहे?

आणि पाहायला काय नाही या भीमथडीत? मराठ्यांच्या घोडदळातली काटक तट्टे याच थडीच्या नावाने ओळखली गेली. वडगावातली रासाई, भीमेवरचे बंधारे, पूर्वेला घोड नदीच्या काठी इनामगाव. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षे उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली, पाण्याच्या पाटासकट. पुण्यातल्या किती मुलांनी ती जागा पाहिली आहे? मोटारीतून आले तर दहा मिनिटांत पाहून परत जातील. सायकलवरून आले तर वाटेत पाणी मागतील, चहा घेतील, कोणाच्या तरी ओट्यावर भाकरी खातील आणि चार पैसे गावात ठेवून जातील.

म्हणून माझी सूचना फार लहान आहे. कोणत्याही योजनेची वाट न पाहता प्रत्येक ग्रामपंचायतीने उन्हाळ्यात, शेते रिकामी असताना, एक दिवस ठरवावा. तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत घ्यावी, भूमापनवाल्यांना बोलवावे, आणि शाळेची पोरे, म्हातारी माणसे, तरुण मंडळ अशा सगळ्यांनी मिळून नकाशावरची एकूणएक तुटक रेघ चालून पाहावी. कुठे किती आणे उरली, हे शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावे. नावे लिहू नयेत, फक्त आणे लिहावेत. कोणाच्या बांधापाशी वाट एक आण्यावर आली आहे, हे गावाला वाचता येते. भांडण न करता सुटणारी निम्मी प्रकरणे तिथेच सुटतील. उरलेल्यांसाठी १९०६ चा कायदा आहेच.