निबंध मुलाचा, मग शब्द कोणाचे?



सहामाही जवळ आली की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागण्या सुरू होतात. "कुणाकडे 'पावसाळ्यातील एक दिवस' आहे का? पाचवीसाठी, छोटासा हवा." पाच मिनिटांत गाइडच्या पानांचे चार फोटो येऊन पडतात. संध्याकाळचं जेवण लवकर आटोपतं आणि मग निजेपर्यंत घोकंपट्टी चालते. मूल डुलक्या घेतंय, आई ओळ सांगतेय. सकाळी शाळेत जाऊन पोर ते सगळं कागदावर ओतून येतं आणि आपण म्हणतो, निबंधाची तयारी चांगली झाली हो!

मला हे अजिबात पटत नाही. ही तयारी पाठांतराची झाली. लिहायला मूल कुठे शिकलं?

माझं माहेर पेण आणि सासर रोहा. दोन्हीकडची मुलं मी रोज बघते, म्हणून तिथलीच उदाहरणं देते. पेणच्या मुलाला 'माझा आवडता सण' लिहायला सांगा. पेणमध्ये आणि शेजारच्या हमरापुरात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. शाळेत जाता-येता मूल शाडूची माती बघतं, साचे बघतं, रंगाचा वास घेतं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर श्वास रोखून कसा बसतो, हे त्याला ठाऊक असतं. आणि वहीत काय लिहितं? "गणेशोत्सव हा महाराष्ट्राचा लाडका सण आहे. सर्वत्र आनंदीआनंद असतो." हे वाक्य नागपूरचं मूलही लिहील आणि कोल्हापूरचंही. पेणच्या मुलाचं त्यात काय आहे?

रोह्याच्या मुलाला 'नदीचे आत्मवृत्त' येतं. गाइडमधली नदी डोंगरात जन्मते, खळखळ वाहते आणि शेवटी माणसाने मला घाण केलं म्हणून रडते. तिला नाव नाही, गाव नाही. आपल्याकडे तर साक्षात कुंडलिका आहे! मुळशी धरणाचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून खाली येतं आणि या नदीत मिळतं. हे केंद्र १९२७ पासूनचं आहे. खरं तर मुळेचं ते पाणी बंगालच्या उपसागराकडे जायचं, ते आपल्या नदीतून रेवदंड्याच्या खाडीने अरबी समुद्राला मिळतं. त्याच पाण्यावर कोलाडला लोक राफ्टिंग करतात, आणि पुढे काठावर धाटावचे रासायनिक कारखाने उभे आहेत. कुंडलिकेला आत्मवृत्त सांगायला लावलं तर ती केवढं सांगेल! पण आपण मुलाला बिननावाची नदी पाठ करायला देतो.

आता तुमचे आक्षेप. मला ते तोंडपाठ आहेत.

पहिला: गुण कमी पडतात. खरं आहे. माझ्या लेकीने चाचणीत आपल्या मनाने निबंध लिहिला, तिला दहापैकी पाच मिळाले. गाइडमधला जसाच्या तसा उतरवणाऱ्या मैत्रिणीला आठ. लेक रडली. मलाही राग आला, पण तो तपासण्याच्या पद्धतीचा. म्हणून पुढच्या वेळी गाइड आणून देणं मला मान्य नाही. शिवाय थोडं पुढचं बघा. दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, प्रसंगलेखन. जाहिरात कशाची करायची आणि बातमी कशाची द्यायची, ते त्या दिवशी पेपरात कळणार. पाचवीपासून घोकलेले निबंध तिथे काय कामाचे?

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. "आपल्याकडे तर पाठांतराला केवढा मान! पाठशाळेत मुलं सूत्रं पाठ करतातच ना?" करतात, आणि जरूर करावीत. आपली आगमंसुद्धा साधुभगवंतांनी शतकानुशतकं स्मरणात जपली, वल्लभीला ती ग्रंथबद्ध झाली ती फार नंतर. पण लोगस्स म्हणणारं मूल "हे मी रचलं" असं म्हणत नाही. तो कुणाचा वारसा आहे हे त्याला माहीत असतं. निबंधात मात्र ते "मी" म्हणतं. "माझे आजोबा शेतकरी आहेत, ते पहाटे मळ्यात जातात" असं लिहितं, आणि आजोबा तर बाजारपेठेत दुकानाच्या गल्ल्यावर बसलेले असतात! सत्य आणि अचौर्य ही व्रतं आपण मुलांना पाठशाळेत शिकवतो आणि घरी दुसऱ्याचे आजोबा उचलून वहीत लिहायला लावतो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तिसरा: "आमचंच मराठी कच्चं, आम्ही काय शिकवणार?" आपल्यातल्या कितीतरी घरांत बोली मारवाडी किंवा गुजराती. मी समजू शकते. पण यासाठी आईला व्याकरण यावं लागत नाही, ऐकता यावं लागतं. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांची 'गीता प्रवचने' तुमच्या घरी असतील. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा ती बोलले आणि साने गुरुजींनी लिहून घेतली. एवढं मोठं पुस्तक आधी बोललं गेलं, मग लिहिलं गेलं. मुलांचंही तसंच होऊ द्या.

घरी एवढंच करा. विषय दिलात की वही आणू नका, आधी मुलाला बोलू द्या. तुम्ही फक्त विचारायचं: तू काय पाहिलंस? कसला वास होता? कोण काय म्हणालं? मारवाडी शब्द आला तर येऊ द्या, त्याला मराठीत काय म्हणतात ते दोघं मिळून शोधा. मग पंधरा मिनिटं घड्याळ लावून त्याला एकट्याला लिहू द्या. तुम्ही तोवर भाजी निवडा, पण वहीत डोकावू नका. लिहून झालं की त्यानेच मोठ्याने वाचायचं. जिथे अडखळेल तिथलं वाक्य तो स्वतःच सुधारतो. तुम्ही लाल पेनने सगळं पान रंगवू नका. एका वेळी दोनच चुका दाखवा, एक शुद्धलेखनाची आणि एक विरामचिन्हाची. आठवड्यातून दोनदा पुरे.

पहिले दोन-तीन निबंध पाच ओळींचे होतील. होऊ द्या. त्या पाच ओळी त्याच्या असतील.

आणि पालकसभेत एक गोष्ट बोला. माझं मूल मनाने लिहितं, तसं लिहिलेल्याला कमी गुण देऊ नका, असं सरांना, बाईंना नम्रपणे पण स्पष्ट सांगा. एकटीने सांगितलं तर कुणी मनावर घेत नाही, हा माझा अनुभव आहे. दहा जणी मिळून गेलो तर ऐकावं लागेल. पुढच्या सभेला मी जाणार आहे. रोह्यातल्या कोण कोण येताय ते कळवा.

जय जिनेंद्र!