बाटलीचे बूच आणि आतली वाईन

रिसालीतल्या आमच्या एका स्नेह्यांनी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलाने आणलेल्या रेड वाईनच्या दोन बाटल्या उघडल्या. दोन्ही एकाच सालच्या, थंड तळघरात बारा वर्षे मुरलेल्या. पहिलीचा रंग विटकरी, चव मऊ, वास सुकवलेल्या अंजिरासारखा. दुसरीला मात्र ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास! वहिनी म्हणाल्या, “वाईन जुनी झाली, नासली.” पण मग पहिली कशी नासली नाही?

दोष वयाचा नव्हता, बुचाचा होता. बूच म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरातल्या एका ओकची साल. ती साधारण नऊ वर्षांनी एकदा काढतात आणि जगातले निम्मे बूच एकटा पोर्तुगाल पुरवतो. झाडाची साल म्हटल्यावर प्रत्येक तुकडा वेगळा. एखाद्यात टीसीए नावाचे द्रव्य असते. एक लाख कोटी भागांत त्याचे चार-पाच भाग असले, तरी नाकाला कळते. अपाय काही नाही, पण वाईनचा मूळ सुगंध मरतो.

म्हणून २००० साली ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर खोऱ्यातील उत्पादकांनी एकत्र येऊन आपल्या रीसलिंग या पांढऱ्या वाईनला फिरकीचे झाकण लावले. आपल्या नाशिकच्या सुलाच्या बहुतेक बाटल्यांनाही आता असेच झाकण असते. पुष्कळांना ते सोड्याच्या बाटलीसारखे हलके वाटते. मला नाही वाटत. दोन-तीन वर्षांत प्यायच्या वाईनला तेच उत्तम. क्वचित काडेपेटीसारखा वास येतो, पण पेल्यात थोडा वेळ ठेवली की जातो. कुबट वास मात्र जात नाही.

जुनी बाटली उघडण्याआधी एक दिवस उभी ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. पाहुण्यांना देण्यापूर्वी घोटभर स्वतःच्या पेल्यात ओतून वास घ्या. बूच हुंगून फारसे कळत नाही, वाईनच हुंगावी.

बुचाची बाटली आडवी ठेवावी, नाहीतर बूच सुकते आणि हवा आत शिरते. लोणच्यावर तेलाचा थर का राखतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण भिलाईच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा माळ्यावरच्या बाटलीला कोणतेच झाकण वाचवू शकत नाही. इथे वाईन मुरवायच्या भानगडीत पडू नका. आणली की त्याच हिवाळ्यात उघडा.